ज्याचं कुलूप, त्यानेच काढावं

निशिगंधाने सुयोगला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका कुलपाला लटकत होता.

म्हणजे त्याचा फोटो. लाल कार्डावर चिकटवलेला, पासपोर्ट साइजचा. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेलं – ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ खाली नाव, सुयोग टिपणीस, सुपरवायझर. आणि मध्ये हे महाशय, केस नीट विंचरून, फोटोवाल्याने आत्ताच काहीतरी विनोद सांगितल्यासारखे गालात हसताहेत.

निशिगंधाला मात्र हसू येत नव्हतं. मॅनेजरच्या खुर्चीवर बसून तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि अख्खी दुपारची शिफ्ट हात बांधून उभी होती.

वरसावे पुलाच्या अलीकडे, घोडबंदर रोडला लागून भूपेशभाईंचं वर्कशॉप. मेट्रोच्या डब्यांची बिघडलेली दारं, ब्रेक, कॉम्प्रेसर तिथे दुरुस्तीला यायचे. दुरुस्त केलेलं दार एका लोखंडी सांगाड्यावर चढवायचं आणि हवेच्या दाबाने उघडमीट करून बघायचं. त्या सांगाड्याला सगळे ‘घोडा’ म्हणत. घोड्यात हात घालायचा असेल, तर आधी हवेचा कॉक बंद करायचा, कॉकला आपलं लाल कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची, आणि मगच हात आत. काम संपलं की ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा.

आणि या सुयोग टिपणीसाने आपलं कुलूप लावलं, काम केलं, शिफ्ट सुटल्यावर खुशाल घरी निघून गेला. किल्लीसकट. फोन बंद. तो रुजू झाला तेव्हा निशिगंधा वर्कशॉपच्या कामाने दहिसरला गेलेली, त्यामुळे माणूस काळा की गोरा तेही तिला ठाऊक नव्हतं. त्याची दुसरी किल्लीही अजून ऑफिसात जमा व्हायची होती.

“बेन, कटर घे ने तोडून टाक,” भूपेशभाई म्हणाले. “एका लॉकपायी माझी शिफ्ट बसवतेस काय?”

“नाही तोडणार, भूपेशभाई.”

“अगं, तो आत नाहीये. सगळ्यांना दिसतंय की.”

“मलाही दिसतंय. पण आज मी दिसतंय म्हणून तोडलं, तर उद्या कोणीतरी दिसत नाही म्हणून तोडेल.”

भूपेशभाईंनी कपाळाला हात लावला. निशिगंधा रिक्षात बसली.

मीरा रोडच्या घरी त्याच्या आईने दार उघडलं. प्रसन्न बाई. “तो होय? तो चौक गावाला गेलाय, कोळीवाड्यात. आम्ही दादरची माणसं गं, इथे आल्यापासून त्याला ताज्या मासळीचं वेड लागलंय. बस ना, चहा टाकते.” चहाला नाही म्हणून निशिगंधा पुन्हा रिक्षात. वाटेत तिने बबनकाकांना फोन लावला. बबनकाका वर्कशॉपचे जुने फिटर, सकाळच्या शिफ्टचे, राहायला चौकचेच.

“तो पोर?” बबनकाका हसायला लागले. “आमच्या वालवनाजवल उभा हाय. बोंबलांचा भाव करतोय, हिंदीत. सगल्या कोलनी बाया हसताव त्याला.”

चौकला रिक्षा सोडून ती किनाऱ्याकडे उतरली, तर वाळूत चपलेचा पट्टा तुटला. आधीच डोकं तापलेलं. तुटकी चप्पल हातात धरून, एक पाय वाळूत, एक चपलेत, अशी ती वाळत टाकलेल्या बोंबलांच्या ओळींमधून तरातरा चालत गेली. कार्डावरचा चेहरा समोर उभा होता. हातात पिशवी, केस वाऱ्याने पार विस्कटलेले.

“तुम्हीच का सुयोग टिपणीस?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या चपलेकडे पाहिलं.

“ती चप्पल कशासाठी आहे, त्यावर अवलंबून आहे,” तो म्हणाला.

पलीकडे बबनकाका जाळं सांधत बसले होते, ते खो खो हसले. निशिगंधाला राग आवरेना आणि हसूही… शेवटी तिने चप्पल मागे लपवली.

“मी निशिगंधा भोईर. तुमची मॅनेजर.”

“अरे बापरे.”

“तुमच्या खिशात एक किल्ली आहे.”

त्याने खिसा चाचपला. किल्ली हातात आली आणि त्याचा चेहरा असा उतरला की तिला त्याची दयाच आली. बोंबील, पिशवी, सगळं तिथेच टाकून तो बाइककडे पळाला. सबब नाही, टोलवाटोलवी नाही. हे तिच्या मनात राहून गेलं. पुढे बऱ्याच गोष्टी विसराव्याशा वाटल्या, पण ते पळत जाणं तिला कधी विसरता आलं नाही.

परत येताना ती मागे बसली होती. मिठागरांवरून येणारा खारा वारा, एक पाय उघडा. राई गावाच्या वळणावर तिचं घर आलं, तेव्हा ती हळूच आईच्या नजरेआड वाकली. लग्नाच्या वयाची पोर परक्या पोराच्या गाडीवर दिसली असती, तर पार्वतीबाईंनी अख्खं गाव डोक्यावर घेतलं असतं.

“कुलूप तोडलं का नाही तुम्ही?” त्याने विचारलं.

“तुम्ही आत असतात तर?”

“पण मी तर इथे होतो.”

“ते मला इथे आल्यावर कळलं.”

त्याने गिअर बदलला. मग आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, “नवी चप्पल माझ्याकडून.”

“माझ्या पायाचा नंबर माहितीये?”

“अंदाज आहे.”

“अंदाजाने आमच्याकडे काम चालत नाही,” ती म्हणाली. पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि आरसा मेला सगळं दाखवत होता.

आता प्रेम कधी सुरू झालं, याची वेळ कोणी सांगू शकत नाही. पण वर्कशॉपमधल्या लोकांना विचाराल तर ते सांगतील, डब्यापासून.

एका दुपारी निशिगंधा जेवायला बसली, तर तिच्या डब्याच्या पिशवीच्या चेनला लाल कुलूप. त्याला कार्ड. ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ आणि तेच गालातलं हसू. तिने केबिनचं दार उघडून हाक मारली, “टिपणीस…”

“मॅडम?”

“हे काय आहे?”

“नियम आहे ना मॅडम, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मला बोलवावंच लागणार तुम्हाला.” किल्ली फिरवत तो म्हणाला. “आज काय आहे डब्यात?”

“तुमच्यासाठी काही नाही.”

“वासावरून सुकटीची चटणी वाटतेय.”

“हे खेळणं नाहीये, टिपणीस.” तिने आवाज कडक करून पाहिला. “माणसाचा जीव असतो त्या कुलपावर.”

“माझाही आहे,” तो म्हणाला. आणि आपण काय बोलून गेलो ते कळून त्याचे कान लाल झाले.

तिने खरं तर तिथेच खडसावायला हवं होतं. नाही खडसावलं. उलट दुसऱ्या दिवशी आईला सांगून दोन भाकऱ्या जास्त घेतल्या. मग कधी स्कूटीच्या हँडलला कुलूप, कधी पाण्याच्या बाटलीला. ‘टिपणीस’चा ‘सुयोग’ झाला, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. डबा केबिनच्या कपाटात असायचा, आणि ती कामात अडकली की किल्ल्यांचा जुडगाच त्याच्याकडे फेकायची – “गरम करून आण रे.” त्याच जुडग्यात सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्यांच्या पेटीचीही किल्ली होती. ते कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्यासुद्धा.

“मॅडम, डब्यावर कोनाचा तरी फोटो लटकलाय,” बबनकाका जाता येता टोमणा मारत. “जेवन चालू हाय का काम?” आणि एकदा, टोमणा मारून झाल्यावर, हातातला पाना पुसत म्हणाले, “गंमत बरी हाय पोरी. पन कुलूप घोड्यावरच बरं दिसतं.”

ती हसली. तो हसला. बबनकाकाही हसले.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती केबिनमध्ये आली, तर कपाटाच्या खालच्या छोट्या कप्प्याला लाल कुलूप होतं. सुयोग खिडकीशी उभा. बाहेर खाडीवर ऊन कलत होतं आणि पुलावरचे ट्रक वरसाव्याच्या बाजूला तुंबले होते.

“त्यात काय आहे?”

“साखरपुड्याच्या दिवशी उघडीन.”

“कोणाच्या?”

“ते…” एरवी तोंडाचा पट्टा चालू असणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. “ते तू ठरव.”

निशिगंधाने कार्डाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खाली कोणीतरी कॉम्प्रेसर चालू केला, खिडकीची काच थरथरली.

“मग राहू दे कुलूप,” ती म्हणाली.

त्या रात्री तिला आनंदाने झोप लागली नाही, हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढच्या रात्री वेगळ्या होत्या.

घरच्यांनीही फार ताणलं नाही. पार्वतीबाईंनी एकच विचारलं, “मासली खातो ना?” आणि टिपणिसांच्या घरी तर मासळी हाच धर्म. माघात साखरपुडा ठरला.

पण त्याच महिन्यात दारांची एक मोठी खेप आली. मेट्रोकडून ताकीद होती, ठरल्या दिवशी दारं परत गेली नाहीत तर पुढचं काम दुसरीकडे जाईल. भूपेशभाई आडपडदा ठेवणारे नव्हते. केबिनमध्ये येऊन सरळ म्हणाले, “बेन, तू चांगली छोकरी आहेस. पण ट्रक वेळेवर निघाला नाही, तर मला बाहेरून मॅनेजर आणावा लागेल.”

सुयोगने ते ऐकलं. “मी आहे ना,” तो म्हणाला. एवढं साधं वाक्य. ऐकून तिला किती हलकं वाटलं होतं.

ट्रक निघायचा त्या दिवशी ती गेटवर ड्रायव्हरशी बोलत होती. चहाची वेळ होती. जुडगा नेहमीसारखा सुयोगकडे. आतून एक आवाज आला. माणसाचा आवाज होता, पण ओळखू येईना. ती धावत आत गेली तेव्हा घोड्याच्या मागच्या बाजूला बबनकाका भिंतीला टेकून खाली बसले होते, उजवा हात छातीशी धरून. दाराच्या यंत्रात त्यांची दोन बोटं गेली होती.

हवेच्या कॉकवर कुलूप नव्हतं. भिंतीवरच्या फळ्यावर, बबनकाकांच्या नावाच्या खिळ्याला, ते नीट लटकत होतं.

भाईंदरच्या हॉस्पिटलात, जिन्यात, सुयोगने तिला सांगितलं. तिने विचारलंही नव्हतं. पायरीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून तो बोलत होता.

“एकच दार राहिलं होतं गं. सगळे चहाला गेलेले. बबनकाकांचं कुलूप तसंच. मी हाक मारली, निशी, शपथ, मी हाक मारली. कोणी ओ दिली नाही. मला वाटलं, विसरून गेले असतील… मी विसरलो होतो तसे.”

“मग?”

“तुझा जुडगा होता माझ्याकडे. पेटीतून त्यांची दुसरी किल्ली घेतली, कुलूप काढलं, हवा सोडली… मागे ते वाकलेले होते. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्यांना हाक नसेल गेली.” तो रडत होता. “ट्रक गेला नसता तर तुझी खुर्ची गेली असती. तुझ्यासाठीच केलं गं मी.”

तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच हाताने त्याच्या कानाखाली द्यावीशीही वाटली. दोन्ही खरं होतं. ती नुसती उभी राहिली.

“आणि कुलूप फळ्यावर कसं गेलं, सुयोग?”

त्याने नजर पायरीवर खिळवली.

“आधी बबनकाकांना धरलंस की आधी कुलूप लटकवलंस?”

“घाबरलो होतो मी,” तो म्हणाला.

वर वॉर्डात बबनकाका छताकडे बघत पडले होते. उशाशी त्यांची बायको, हंसाकाकू. निशिगंधाला बघून त्यांनी पट्टी बांधलेला हात चादरीखाली घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा.

“मॅडम, मना आठवत न्हाय गो. मी कुलूप लावलं व्हतं असं वाटतंय… पन लावलं असतं तर हवा कशी येईल? कुलूप तर फल्यावर मिलालं सांगताव. म्हंजे मीच विसरलो.” ते थांबले. “इतकी वर्सं कधी न्हाय विसरलो. आता नेमका विसरलो.”

“डोकं चालत न्हाय आता,” हंसाकाकू रागाने म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. “परवा बी चिमटा चुलीवर ठेवून भायेर गेला. मी बोलले व्हते, आता घरी बस.”

बबनकाकांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. बोटं गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतंच, पण त्याहून मोठी एक लाज होती, आणि ती लाज त्यांची नव्हती. निशिगंधाला तिथे उभं राहवेना.

मेट्रोकडून चौकशीला अधिकारी यायचे होते. भूपेशभाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं, बबन विसरला, बस. माणूस जुना आहे, त्याला कामावर ठेवू, टूल रूममध्ये बसवू, विषय संपला.

निशिगंधाने सुयोगला बाजूला घेतलं. “तू स्वतः सांग. मी तोवर तोंड उघडणार नाही. जुडग्याचं माझं मी सांगीन. पण कुलूप तू काढलंस, तूच सांगायचं.”

“सांगतो,” तो म्हणाला. आणि तिने विश्वास ठेवला. त्याच्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच झाली होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो कामावर आला नाही. फोन बंद. ती मीरा रोडला गेली, तर त्याच्या आईने साखरपुड्याची साडी दाखवायला काढली. “रंग बघ गं, आवडतो का तुला?” निशिगंधाने साडीवर हात फिरवला. आवडला म्हणाली. खरंच आवडला होता.

तो कुठे असेल ते तिला माहीत होतं. चौकच्या किनाऱ्यावर, बोंबलांच्या ओळींपाशी, तसाच वारा होता. यावेळी दोन्ही पायांत चपला होत्या. त्याने तिला येताना पाहिलं, पण चेष्टा केली नाही.

“चल,” ती म्हणाली. “न्यायला आले.”

“सांगितलं की काय होईल माहितीये? केस होईल. नोकरी जाईल. पुन्हा या लाइनीत कोणी उभं करणार नाही. तुझीही खुर्ची जाईल. लग्न…” तो थांबला. “आणि बबनकाकांची बोटं परत येणार आहेत का?”

“नाही येणार.”

“भूपेशभाई त्यांना कामावर ठेवतायत. त्यांचं काही अडत नाहीये.”

“त्यांना वाटतंय ते विसरले.”

“वाटू दे ना, निशी. एवढंच ना?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हाच तो चेहरा. हेच डोळे आरशातून तिच्याकडे बघत आले होते. हे डोळे तिला अजूनही आवडत होते, हीच तर खरी पंचाईत होती. प्रेम संपलं असतं, तर किती सोपं झालं असतं.

“मागच्या वेळी मी आले, तर तू हातातली पिशवी टाकून पळालास,” ती म्हणाली.

“तेव्हा नुसतं कुलूप होतं.”

“आत्ताही तेवढंच आहे.”

त्याने समुद्राकडे तोंड केलं. तिने वाट पाहिली. जाळी गोळा करणाऱ्या बायका घरी गेल्या, होड्यांवरचे दिवे लागले, तरी ती उभी होती. तो एकदा वळला असता तरी चाललं असतं. नाही वळला. शेवटी रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तेव्हा ती एकटीच परतली.

दुसऱ्या दिवशी तिने चौकशीत सगळं सांगितलं. डबा, जुडगा, पेटी, फळ्यावरचं कुलूप. एक शब्द गाळला नाही. “जुडगा मी दिला होता, रोज देत होते,” हेही सांगितलं. सुयोगला बोलावलं, तेव्हा त्याने मान खाली घालून ‘हो’ म्हटलं. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. जाताना तिच्या शेजारून गेला, शर्टाला तिचा हात लागेल इतक्या जवळून. थांबला नाही.

“बेन, काय केलंस हे?” भूपेशभाई नुसते म्हणाले, आणि बसून राहिले.

रात्री सुयोगच्या आईचा फोन आला. “तुला थोडं सांभाळून घेता आलं नाही का गं? घरचाच होणार होता ना तो?” निशिगंधापाशी उत्तर होतं, पण त्या बाईला देण्याजोगं नव्हतं. पलीकडून फोन ठेवला, तरी ती बराच वेळ कानाला लावून बसली होती.

बबनकाकांना सांगायला ती स्वतः गेली. ओसरीवर ते बसले होते, अर्धं सांधलेलं जाळं बाजूला पडलेलं. तिने सगळं सांगितलं. ते रागावतील, शिव्या देतील, तिलाही देतील, अशी तयारी करून ती आली होती.

बबनकाकांनी बाजूचं जाळं आणखी दूर सरकवलं. मग त्यांनी आत हाक मारली.

“हंसा, ए हंसा. भायेर ये गो.” हंसाकाकू हात पुसत आल्या. “मी लावलं व्हतं,” ते म्हणाले. “ऐकलंस का? मी कुलूप लावलं व्हतं.”

आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. हॉस्पिटलातही रडले नव्हते म्हणे.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सुयोगची नोकरी गेली, केस उभी राहिली, ती अजून चालू आहे. तो पुण्याला मामाकडे गेला असं कोणीतरी म्हणालं. दुसऱ्या किल्ल्यांची पेटी अधिकाऱ्यांनी काढायला लावली, सगळ्या किल्ल्या भंगारात गेल्या. आणि निशिगंधाची खुर्ची गेलीच. भूपेशभाईंनी बाहेरून मॅनेजर आणला, तिला घोड्यावरच्या तपासणीला खाली बसवलं. सुयोग वाचवायला गेला होता ती खुर्चीही वाचली नाही, असं लोक म्हणाले. लोकांचं चुकलं नव्हतं.

केबिन रिकामी करून द्यायची होती. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बाटली पिशवीत टाकली, आणि कपाटापाशी येऊन थांबली. खालच्या कप्प्याला लाल कुलूप तसंच होतं. धूळ बसलेली, आणि धुळीआडून ते गालातलं हसू.

बबनकाका दारात उभे होते. टूल रूममधून कटर घेऊन आले होते. ते कटर पुढे करणार, इतक्यात स्वतःच मागे घेतला.

“आधी विचारायला लागतं ना गो त्याला,” ते हळूच म्हणाले. “नियम हाय.”

नियम तोच होता. माणूस गावात नसेल, काम सोडून गेला असेल, तरी कुलूप तोडण्याआधी त्याला विचारायचं. निशिगंधाने फोन हातात घेतला. नंबर पुसला नव्हता. रिंग वाजत राहिली. तो उचलणार नाही असं वाटत असतानाच त्याने उचलला. बोलला काहीच नाही, पण मागे कुठेतरी रस्त्याचा आवाज येत होता, आणि त्याचा श्वास तिने लगेच ओळखला.

तिला खूप काही बोलायचं होतं. तू बरा आहेस का… जेवतोस का… माझी आठवण येते का. तिने नियमातलं वाक्य म्हटलं.

“तुमचं कुलूप इथे राहिलंय. काढायला येताय का?”

पलीकडे शांतता. इतकी लांब, की त्यात तिने तो येतो म्हणाला तर काय करायचं हेही मनात ठरवून टाकलं. केस होऊ दे, खुर्ची जाऊ दे, आई काय म्हणायची ती म्हणू दे. ये एकदा. नुसता ये.

“नाही,” तो म्हणाला. “तोड.”

फोन बंद झाला.

“काय बोलला?” बबनकाकांनी विचारलं.

तिने कटरसाठी हात पुढे केला. कुलूप जाड होतं, तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. तरी भागेना, तेव्हा बबनकाकांनी आपल्या डाव्या हाताने एक दांडा दाबला. कडी तुटली. कार्ड खाली पडलं, ते तिने उचलून उलटं टेबलावर ठेवलं.

कप्प्यात एक खोका होता. खोक्यात चपला. नव्या कोऱ्या, तांबूस चामड्याच्या, पट्ट्यावर बारीक नक्षी. अगदी तिने स्वतः घेतल्या असत्या तशा. ती खुर्चीवर बसली, जी आता तिची नव्हती, आणि उजवा पाय आत सरकवला. टाच बाहेर राहिली. तिने पट्टा सैल करून पाहिला, बोटं आवळून पाहिली. एक नंबर लहान होत्या.

अंदाज. तिला तेव्हा रडू फुटलं. बबनकाका खिडकीबाहेर खाडीकडे बघत उभे राहिले, तिचं होईपर्यंत. मग तिने नाक पुसलं, चपला पुन्हा खोक्यात घातल्या, आणि खोका त्यांच्यापुढे धरला.

“काकूंना होतील का?”

बबनकाकांनी खोका उघडून पाहिला. त्यांना सगळं कळलं होतं, पण कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

“व्हतील,” ते म्हणाले. “तिचा पाय बारीक हाय.”

खाली घोड्यावर दुपारचं पहिलं दार चढलं होतं. निशिगंधाने फळ्यावरून स्वतःच्या नावाचं कुलूप घेतलं, कॉक बंद केला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि वाकून आत हात घातला.